बसून करता येईल असा पदार्थ

हॉर्सशू बे, मॅग्नेटिक आयलंड
१४ सप्टेंबर

प्रिय शांता,
सप्रेम जय भीम.

पत्र बघून दचकू नकोस, सगळं ठीक आहे. फोनवर आपलं बोलणं ‘जेवलात का’ आणि ‘गोळी घेतलीत का’ यापुढे सरकत नाही. त्यात आपल्या प्रज्ञेशच्या सिडनीच्या घरात फोन कायम स्पीकरवर. परवा मी तुला काहीतरी सांगायला लागलो, तर ईशानीने ‘आजोबा, यू आर ब्रेकिंग अप’ म्हणून फोनच ठेवून दिला. म्हटलं, त्यापेक्षा लिहावं. एवढ्या वर्षांच्या संसारात मी तुला कधी पत्र लिहिलं नाही, कारण आपण कधी लांब राहिलोच नाही.

येऊन महिना झाला. आयुष्यभर क्वीन्सलंडचे रस्ते बांधले आणि आता अशा बेटावर आलोय जिथे मुख्य म्हणावा असा एकच रस्ता आहे आणि तो मी बांधलेला नाही. त्यामुळे खड्डा दिसला की चिडचिड होत नाही, उलट बरं वाटतं.

पहाटे जाग येते आणि कुठे जायचं नसतं, याची सवय व्हायची आहे. पहिला आठवडा मी रोज शर्टाला इस्त्री केली. तूरडाळ आणायला फेरीने टाउन्सव्हिलला निघालो, तर फेरीवरचा पोऱ्या माझ्या पँट-बुटांकडे बघून म्हणाला, ‘कोर्टात तारीख आहे का, मेट?’ बाकी सगळे अनवाणी. इथे लोक बँकेतसुद्धा अनवाणी जातात.

आता कामाचं. शेजारी लॉरेन म्हणून एक बाई राहतात, रिटायर्ड शिक्षिका. त्यांनी काचेच्या डब्यात बनाना ब्रेड आणून दिला. मी खाल्ला, डबा धुऊन ठेवलाय, आणि तिथेच अडलोय. तू कधी कुणाचं भांडं रिकामं परत पाठवलं नाहीस. मला चहा आणि उकडलेली अंडी यापलीकडे काही येत नाही. सोपं काहीतरी लिहून पाठव.

तुझी खोली समुद्राच्या बाजूला ठेवली आहे. ईशानीचं मार्गी लागलं की तू येशीलच.

तुझा,
रामदास


पॅरामॅटा
२३ सप्टेंबर

अहो,
जय भीम.

हाताने पत्ता लिहिलेलं पाकीट बघून दीक्षाला वाटलं कोणाचं तरी लग्न ठरलं. मी उघडून वाचलं आणि नंतर स्वयंपाकघरात जाऊन पुन्हा वाचलं. तुमचं अक्षर अजून तसंच आहे, नकाशावर गावांची नावं लिहिल्यासारखं.

मला इथे बसायला फुरसत नाही. ईशानीला आजीशिवाय घास जात नाही. सकाळी तिचं आवरायचं, वेण्या घालायच्या, दुपारी वरण-भात, संध्याकाळी बागेत न्यायचं. प्रज्ञेश बँकेतून आठला येतो, दीक्षाचं ऑफिस निराळंच. मी नसेन तर या घराचं कसं व्हायचं, असं दोघं नवराबायको म्हणतात. त्यामुळे ‘येशीलच’ वगैरे गृहीत धरू नका.

आणि खरं सांगू का, मला माणसं लागतात. मी वरळीच्या चाळीत वाढले. आमचं दार दिवसभर उघडं. तुम्ही येरवड्याला एका खोलीत आठ जणांत वाढलात, म्हणून तुम्हाला एकांताची हौस. त्या बेटावर समुद्राशी मी काय बोलणार?

शिरा करा. वाटीभर रवा, अर्धी वाटी तूप. रवा मंद आचेवर भाजायचा. मंद म्हणजे मंद, घाई करायची नाही, आणि मध्येच बातम्या बघायला जायचं नाही. बदामी रंग आला आणि घरभर वास सुटला की अडीच वाट्या उकळतं पाणी. झाकण. मग पाऊण वाटी साखर, वेलची. केळं घातलंत तर त्या बाईंना आवडेल.

या लॉरेनबाई वयाने किती आहेत?

तुमची,
शांता


हॉर्सशू बे
६ ऑक्टोबर

प्रिय शांता,
जय भीम.

लॉरेन अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत, रोज सकाळी खाडीत पोहतात आणि माझ्यापेक्षा भरभर चालतात. झालं समाधान?

पहिला शिरा करपला. बातम्या बघत नव्हतो, स्विचबोर्डातून पाल बाहेर आली ती बघत होतो. दुसरा जमला. लॉरेननी डबा घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्यात लिंबाचं लोणचं घालून परत आणला. ऑस्ट्रेलियन लिंबाचं लोणचं, त्यात साखर. मग मी पुन्हा शिरा केला. मग त्यांनी स्कोन्स म्हणून छोटे गोडसर पाव दिले. त्यांच्या पलीकडच्या घरातल्या नवराबायकोला शिऱ्याची चव कळली आणि त्यांचाही डबा आला. आता माझा धरून तीन डबे फिरतात. मी सोमवारी आणि गुरुवारी स्वयंपाक करतो. टूवूंबाच्या आपल्या जुन्या शेजाऱ्यांना सांगू नकोस, त्यांचा विश्वास बसायचा नाही.

मीठ इथे दगडासारखं होतं, त्यात तांदळाचे दाणे टाकून ठेवलेत. पोहे चोवीस तासांत सादळतात. रात्री कर्ल्यू नावाचा पक्षी ओरडतो, अगदी लहान मूल रडावं तसा. पहिल्या रात्री मी टॉर्च घेऊन शोधायला बाहेर पडलो होतो.

दुपारी जेवणानंतर व्हरांड्यात बसतो. समोरून कोणी गेलं की हात करतात, मीही करतो. बोलायला फार काही नसतं. शिऱ्याखेरीज आणखी काय करता येईल?

तुझा,
रामदास


पॅरामॅटा
१७ ऑक्टोबर

अहो,
जय भीम.

चोवीस तासांत पोहे सादळतात म्हणजे तुम्ही डब्याचं झाकण उघडं ठेवता. चाळीस वर्षं सांगतेय.

चौदा तारखेला संध्याकाळी प्रज्ञेश मला धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्यक्रमाला घेऊन गेला. नागपूरची, औरंगाबादची बरीच पोरं भेटली, युनिव्हर्सिटीत शिकणारी. एकीने माझ्या पाया पडायचा प्रयत्न केला, म्हटलं, हे काय गं, आपल्यात हे असतं का.

इथली नवी लाइट रेल छान आहे. कार्लिंगफर्डपर्यंत जाते, वाटेत नदी लागते. मंगळवारी दुपारी गेले तर एक पंजाबी आजोबा शेजारी बसले होते, त्यांनी सुनेची सगळी कहाणी सांगितली. परत येतानाही तेच भेटले, मग उरलेली सांगितली.

चिवडा करा. पातळ पोहे ओव्हनमध्ये कोरडे करून घ्या, म्हणजे तुमच्या हवेतही टिकतील. फोडणीत मिरच्या आधी, कढीपत्ता नंतर, हळद सगळ्यात शेवटी. शेंगदाणे करपवू नका. घाईत आहे, ईशानी हाका मारतेय.

तुमची,
शांता


हॉर्सशू बे
८ नोव्हेंबर

प्रिय शांता,
जय भीम.

उत्तराला उशीर झाला. इथे उकाडा वाढलाय, म्हणून सध्या किनाऱ्यावर फिरायला जाणं बंद ठेवलं आहे. बाकी उत्तम.

लॉरेनचा डबा आला आहे. या वेळी बसून करता येईल असा पदार्थ सांग. गॅसपाशी फार उभं राहायला लागू नये. कांदा, काकडी, टोमॅटो, कोथिंबीर घरात आहे.

जास्त लिहीत नाही.

तुझा,
रामदास


पॅरामॅटा
१५ नोव्हेंबर

अहो,

कुठला पाय?

सोपा प्रश्न आहे, डावा की उजवा तेवढं सांगा. ऑर्थोपेडिक वॉर्डात नर्स म्हणून जन्म काढलाय मी. बसून करता येईल असा पदार्थ माणूस कधी मागतो, ते मला शिकवू नका. टूवूंबाच्या कडाक्याच्या थंडीत कानटोपी घालून फिरायला जाणारा माणूस उकाड्याला घाबरून घरात बसत नाही. पाकिटावरचा पत्ताही तुमच्या अक्षरात नाही, म्हणजे पाकीट आणून टाकायचं कामही दुसऱ्या कोणीतरी केलंय, पोस्टाच्या पेटीपर्यंतही तुम्हाला जाता येत नाहीये.

पत्र वाचल्यावर लगेच फोन उचलला होता. नंबर लावला आणि कट केला. तुम्ही ‘मजेत’ म्हणाला असतात, मी ‘बरं’ म्हणाले असते.

आता तुम्ही लपवलंत म्हणून मी चिडायला हवं. पण चिडायचं कुठल्या तोंडाने? मीही तेच करतेय.

ईशानी सप्टेंबरपासून पूर्ण वेळ चाइल्डकेअरला जाते. पहिलं पत्र लिहिलं तेव्हाही जातच होती. सकाळी साडेसातला तिघंही बाहेर पडतात, संध्याकाळी सहाला दीक्षा ईशानीला घेऊन येते, प्रज्ञेश आठला. तेवढा वेळ मी अकराव्या मजल्यावर एकटी. कॉरिडॉरमध्ये चौदा दारं आहेत आणि चौदाही बंद. लिफ्टमध्ये लोक माझ्याशी नाही, फोनशी बोलतात. पोरं चांगली आहेत हो, त्यांचा काही दोष नाही. दमून येतात, ‘आई, तू बस, आम्ही करतो’ म्हणतात. पण बसायचा तर मला कंटाळा आलाय. म्हणून लाइट रेलने कार्लिंगफर्डला जाते आणि परत येते. रोज. कोणी बोललं तर बोलते. मला माणसं लागतात म्हणून इथे आले आणि इथे मला माणूस दिसत नाही. आणि एकांत शोधत गेलेल्या तुमच्याकडे तीन-तीन डबे फिरतात.

मग मी तुमच्याकडे का येत नाही, असं तुम्ही म्हणाल. तेही आज सांगून टाकते.

माझा रिटायरमेंटचा कार्यक्रम आठवा. सगळा वॉर्ड जमला होता, मेट्रनने भाषण केलं, आणि मग तुम्ही उठून फोनवरचा फोटो सगळ्यांना दाखवलात. ‘शांतासाठी सरप्राइज, आम्ही बेटावर घर घेतलंय.’ सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मी उरलेलं आयुष्य कुठे काढणार, हे मला माझ्या वॉर्डातल्या क्लीनरबरोबर एकाच वेळी कळलं. त्या रात्री गाडीत मी गप्प होते, तुम्हाला वाटलं निरोपाने गहिवरलेय.

ईशानी निमित्त होती. नसती तर दुसरं काही शोधलं असतं.

दडपे पोहे करा. पातळ पोहे, बारीक चिरलेला कांदा, काकडी, टोमॅटो, खोबरं, मीठ, साखर, लिंबू. सगळं बसून कालवता येतं. फोडणी मात्र लॉरेनबाईंना घालायला सांगा. पायाखाली उशी घ्या, पाय हृदयापेक्षा वर.

शांता


हॉर्सशू बे
२२ नोव्हेंबर

प्रिय शांता,
जय भीम.

डावा. घोट्याचं हाड मोडलं आहे, जागचं हललेलं नाही, त्यामुळे ऑपरेशन नाही, नुसतं प्लास्टर. पावसाच्या आधी पन्हळी साफ करायला शिडीवर चढलो होतो. हो, एकटाच. हो, चपला घालून.

पडल्यावर सरपटत व्हरांड्यापर्यंत आलो. फोन आत टेबलावर होता. थोड्या वेळाने लॉरेन आल्या, कारण त्यांना त्यांचा डबा हवा होता. टाउन्सव्हिलच्या हॉस्पिटलपर्यंत त्याच माझ्याबरोबर आल्या. फेरीच्या पोऱ्याने मला व्हीलचेअरसकट चढवलं आणि कोर्टाविषयी काही विचारलं नाही.

परत येताना औषधाची गुंगी मला होती आणि बोलायचं धैर्य मात्र त्यांना आलं. म्हणाल्या, ‘रामदास, तुम्ही दर वेळी डबा भरून देता, म्हणून मलाही भरून द्यावा लागतो. माझे गुडघे दुखतात. आपण थांबलो तर चालेल का?’ मी म्हटलं, मी तर तुम्हीच थांबायची वाट बघतोय. आमच्याकडे भांडं रिकामं देत नाहीत. त्या इतक्या हसल्या की फेरीतले लोक बघायला लागले. सध्या तह झाला आहे. आता त्या रिकाम्या हाताने येतात आणि जास्त वेळ बसतात. तुझे दडपे पोहे मात्र दोघांनी मिळून संपवले.

तुझं पत्र बऱ्याच वेळा वाचलं. मला ती खरंच भेट वाटली होती. टाळ्या वाजवताना तुझ्याकडे मी बघितलंही होतं, पण मला फक्त हात दिसले. तू रोज त्या ट्रेनमध्ये बसतेस हे वाचल्यापासून इथली हवा गोड लागत नाही.

मी एजंटशी बोललो. नवीन वर्षात घर विकायला काढतो. प्लास्टर निघालं की पॅरामॅटाला येतो, तुझ्याजवळ एखादा लहान फ्लॅट भाड्याने घेऊ. ठरलं.

तुझा,
रामदास


पॅरामॅटा
२९ नोव्हेंबर

अहो,

ठरलं? कोणाचं ठरलं?

तुमचं हृदय सोन्याचं आहे, पण डोकं अजून रस्त्याच्या कामावरच आहे. आणि तिथेसुद्धा तुम्ही बरे होतात. कुठे रस्ता काढायचा तर गावभर नोटिसा लावायचात, लोकांच्या हरकती मागवायचात, ज्याच्या कुंपणाला धक्का लागेल त्याच्या घरी जाऊन चहा प्यायचात. बायकोला मात्र थेट उद्घाटनाला बोलावलंत. आणि आता तो रस्ता उखडतानाही परस्पर उखडताय. विकत घेतलंत तेही कळवलंत, विकताय तेही कळवताय.

एजंटला थांबायला सांगा.

मी शुक्रवारी येतेय. तुमच्या पायासाठी येतेय, गैरसमज नको. परतीचं तिकीट काढलेलं नाही, पण ते फक्त प्लास्टर कधी निघेल ते माहीत नाही म्हणून. प्रज्ञेशला सगळं सांगितलं, त्याने हातातला फोन बाजूला ठेवला. मग म्हणाला, ‘आई, तू घरी एकटी असतेस हे आमच्या लक्षात कसं आलं नाही?’ त्याला जवळ घेतलं. एवढा मोठा झालाय, पण रडवेला झाला की अजून नाक लाल होतं त्याचं. दीक्षाने बॅग भरून दिली. ईशानी म्हणते, ‘आजी, बीचवर माझ्यासाठी जागा पकड.’

जेटीवर येऊ नका. मी विचारत विचारत घर शोधीन.

शांता


व्हरांडा
१४ डिसेंबर

प्रिय शांता,

तू आत आहेस, भांड्यांचा आवाज येतोय. तरी लिहितोय. समोर बसून विचारलं तर तू ‘बघू’ म्हणशील आणि मी ‘बरं’ म्हणेन.

उद्या प्लास्टर निघणार. त्यानंतर तुला इथे थांबायचं कारण राहत नाही. गेले नऊ दिवस मी हेच मोजतोय.

तू आलीस त्या दिवशी खरंच विचारत विचारत आलीस. फेरीवर कोणाला तरी पत्ता विचारलास, त्या बाईने तुला गाडीतून सोडलं, आणि फाटकापाशी येईपर्यंत तुला तिच्या लेकीच्या बाळंतपणाची सगळी माहिती होती. सहा डिसेंबरला आपण दोघांनी बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली, मी खुर्चीत बसूनच वंदना म्हटली, आणि लॉरेन दारात येऊन गुपचूप उभ्या राहिल्या. त्या दिवसापासून त्यांच्या गुडघ्यांना तू रोज व्यायाम देतेस. पलीकडचे गृहस्थ बीपी तपासून घ्यायला येतात. दार सकाळी उघडतं ते रात्री बंद होतं. मी इथे एकांतासाठी आलो होतो. परवा दुपारी तुम्ही सगळे एकदम कुठेतरी गेलात आणि घर शांत झालं, तर मला करमेना. उठून कुबड्या घेऊन फाटकापर्यंत आलो, तुम्ही दिसताय का बघायला.

पण हे मला वाटतं. तुला काय वाटतं ते मला माहीत नाही, आणि अंदाज बांधायचे नाहीत असं मी ठरवलंय. म्हणून विचारतो.

शांता, तुला इथे माझ्याबरोबर राहायला आवडेल का?

नाही म्हणालीस तरी चालेल. खरंच चालेल. मग आपण दोघं बसून दुसरं काही शोधू. या वेळी मी आधी काहीही ठरवलेलं नाही. घाबरलोय मात्र भरपूर.

रामदास


त्याच कागदाच्या मागे

अहो,

चहाच्या कपाखाली कागद ठेवून तुम्ही पेपर वाचायचं नाटक करताय ते मला खिडकीतून दिसतंय. पेपर परवाचा आहे.

प्रश्न मी चार वेळा वाचला. लग्न ठरलं तेव्हाही तुम्ही मला काही विचारलं नव्हतं. वडिलांनी तुमच्या घरी होकार कळवला, तुम्ही साखर वाटलीत. ऑस्ट्रेलियाला यायचं तेव्हा तिकिटं घेऊन घरी आलात. मला कधी वाईट वाटलं नाही, मीही आलेच असते. पण विचारल्यावर कसं वाटतं ते आज या वयात कळलं, आणि गॅस बंद करून मी आधी पेन शोधलं.

हो. आवडेल. पायासाठी नाही, लॉरेनसाठी नाही. तुम्ही विचारलंत, आणि मी आत बघितलं तर उत्तर तयार होतं.

आता माझा एक प्रश्न आहे. मला ईशानीशिवाय वर्षभर राहवणार नाही. हिवाळ्यात दोन-तीन महिने माझ्याबरोबर पॅरामॅटाला याल का? अकराव्या मजल्यावर तुमचा जीव गुदमरतो हे मला ठाऊक आहे, म्हणूनच विचारतेय. नाही म्हणालात तरी मी इथे राहणारच आहे, ती अट नाही.

उत्तर लिहू नका. पुष्कळ झाली पत्रं. मी ओट्यापाशी आहे, येऊन सांगा. सावकाश या, उंबऱ्याशी पाणी सांडलंय.

शांता